उतरताना मागून घ्या

प्रत्येक गोतावळ्यात "घरचीच बाग आहे हो आपली" असं म्हणणारा एक माणूस असतो. कोणाचा देवगडला हापूस, कोणाची घोलवडला चिकूची वाडी, कोणाच्या साडूची सांगोल्याला डाळिंबं. बाग बहुधा ओंजळीएवढी आणि भाऊबंदांचे वाटे मात्र पाच. पण हंगाम आला की या माणसाच्या अंगात येतं. एरवी लग्नकार्यात कोपऱ्यात बसून पान जमवणारा हा गृहस्थ एकाएकी सगळ्यांना फोन करत सुटतो, "किती पाठवू?" समोरच्याला हवंय की नको, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

आमच्यातला हा माणूस म्हणजे माझा मामा. दिवे घाट चढून गेलं की सासवडच्या अलीकडे एक फाटा फुटतो, तिथं त्याची सीताफळाची बाग आहे. क्षेत्र २० गुंठे, झाडं ९२. हे आकडे मला पाठ आहेत, कारण मामा ते कोणी विचारलं नसताना सांगतो. मध्ये एका उन्हाळ्यात दोन झाडं वाळली. तेव्हा "नव्वद" म्हणायला त्याची जीभ वळेना. पावसाळ्यात दोन रोपं लावली, आकडा पूर्ववत झाला, मगच त्याला नीट झोप लागली. बागेची रोजची देखभाल धाकटा मामा करतो. छाटणी त्याची, पाणी त्याचं, पिठ्या ढेकणाशी मारामारी त्याची. कष्ट धाकट्याचे आणि तोंड थोरल्याचं, अशी त्या दोघांत न भांडता झालेली वाटणी आहे.

थोरला मामा एसटीत कंडक्टर होता. आता रिटायर होऊन मुलाकडे, आमच्याच सोसायटीच्या बी विंगेत राहतो. एसटी सुटली, पण कंडक्टर काही सुटला नाही. आश्विन महिन्यातल्या कोणत्याही रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये या. इस्त्रीचं जुनं टेबल, त्यावर वर्तमानपत्र, मागे क्रेट, आणि टेबलामागे खांद्याला कातडी बॅग अडकवून उभा मामा. बसायला खुर्ची दिली तरी बसत नाही. इतकी वर्षं चालत्या गाडीत उभं राहून काढली, आता थांबलेल्या जागेवर बसून पैसे घेणं त्याला चैन वाटते. नोटा उभ्या घडीने डाव्या हाताच्या बोटांत खोचलेल्या: मधल्या बोटाजवळ शंभराच्या, अनामिकेजवळ पन्नासच्या, करंगळीला दहा-वीसच्या. टेबलावर मुलाने स्कॅनरचा कागद चिकटवून दिलाय. त्यावर पैसे भरणाऱ्या माणसाकडे मामा फुकट्या प्रवाशाकडे बघावं तसं बघतो आणि मोबाइलमध्ये हिरवी खूण दिसेपर्यंत फळावरचा हात काढत नाही.

टेबलावर तीन क्रेट असतात. त्यांवर खडूनं लिहिलेलं: आज, उद्या, परवा.

"किती हवीत?" हा मामाचा पहिला प्रश्न नसतो. मान जराशी वर करून, ज्या सुरात तो जन्मभर "कुठं?" विचारत आला, त्याच सुरात तो विचारतो, "कधी?"

नव्या गिऱ्हाइकाला हे कळत नाही. ते बिचारं म्हणतं, "चार द्या."

"चार ठीक आहे. कधी खायचीत?"

यात मामाचं चुकतं असं मला म्हणता येत नाही, कारण सीताफळ हे फळच वेळेचं आहे. झाडावर पिकू द्यावं तर फुटतं, पाखरं टोचतात, मुंग्या शिरतात. म्हणून तयार झालं की कच्चंच उतरवायचं. उतरवायची वेळ ओळखायची ती डोळ्यांवरून. अंगावरच्या त्या उंचवट्यांना डोळे म्हणतात. फळ भरत आलं की दोन डोळ्यांमधली रेघ रुंदावते आणि हिरव्याची फिकट पिवळसर होते. डोळे उघडले, की उतरवा. कोवळं काढलं तर कितीही दिवस भातात पुरून ठेवा, दगड तो दगडच. नीट काढलेलं तीन-चार दिवसांत मऊ होतं आणि मऊ झालं की त्याच दिवशी खायचं. हापूस दोन दिवस वाट बघतो, पेरू तीन-चार दिवस बघतो, सीताफळ एका संध्याकाळपेक्षा जास्त थांबत नाही.

तेव्हा मामाचं टेबल म्हणजे स्वारगेटचा फलाट. "आजची द्या ना, संध्याकाळी पाहुणे आहेत." "आजची गाडी फुल्ल. उद्याच्या गाडीला जागा आहे." "अहो पण पाहुणे आजच येतायत." "मग पाहुण्यांना उद्या बोलवा." आणि खरोखर, सी विंगेतल्या एका बाईंनी विहीणबाईंचं येणं एक दिवस पुढं ढकललं. तेव्हापासून मामाला वाटतं, सगळ्या पुण्याने आपलं वेळापत्रक पाळावं.

त्याला सगळ्यात राग येतो तो फळ दाबून बघणाऱ्यांचा. आपल्याकडे फळाला हात लावला की अंगठा आपोआप आत जातो. हा राष्ट्रीय रोग आहे. मामा त्यावर एकच वाक्य बोलतो, पण असं बोलतो की रांगेतले मागचे पाच जण आपापले अंगठे मुठीत घेतात. "ताई, हॉर्न नाहीये तो."

आणि एक फळ खराब निघालं तर? इथं मामाचा खरा पिंड दिसतो. पूर्वी कंडक्टरकडे सुट्टे नसले की तो तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचा आणि म्हणायचा, उतरताना मागून घ्या. मामाने तीच पद्धत इथं आणली. एखाद्याचं फळ आतून काळं निघालं, दगड राहिलं, किंवा डझनाला एक कमी पडलं, की बॅगेतून चतकोर कागद निघतो, त्यावर "१ फळ येणे", खाली तारीख आणि एक लांबलचक सही. "उतरताना मागून घ्या," म्हणजे हंगाम संपायच्या आत. सोसायटीतल्या अर्ध्या फ्रिजांवर चुंबकाखाली मामाचे कागद लटकत असतात. धाकटा मामा एकदा म्हणाला होता, रिझर्व्ह बँकेनंतर आपल्याकडे हाच माणूस वचन देऊन कागद वाटतो.

मामा बाजारात माल का घालत नाही, त्याला एक पूर्वपीठिका आहे. रिटायर झाला त्या वर्षी त्याने हौसेनं बावीस क्रेट टेम्पोत घालून पाठवले. दोन दिवसांनी पट्टी हातात आली. भाडं वजा, हमाली वजा, तोलाई वजा, आणि 'डागी' या एका शब्दाखाली चार क्रेट वजा. मामाने ती पट्टी कंडक्टरच्या वेबिलासारखी तपासली, दोनदा बेरीज केली, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा केली. मग मामीला म्हणाला, "क्रेट टेम्पोत चढवायच्याऐवजी मी नुसता बसून पुण्याला गेलो असतो तरी एवढेच उरले असते." त्या दिवसापासून माल घरच्या घरी. व्यापाऱ्याचा त्याला राग नाही. "त्याचंही पोट आहे," म्हणतो. पण 'डागी' हा शब्द घरात कोणी उच्चारायचा नाही. आमच्या मावसभावाने एकदा शर्टाला डाग पडला असं म्हटलं, तेव्हाही मामाने वळून बघितलं होतं.

माल आणायची तऱ्हाही बघण्यासारखी. शनिवारी दुपारी मामा-मामी गावाहून एसटीने येतात. मामीला बायकांच्या सवलतीचं अर्धं तिकीट. क्रेट मागच्या सीटखाली सरकवले की नव्या पिढीचा कंडक्टर सवयीने म्हणतो, "राहू द्या काका, लगेजचं काही नको." संपलं! मामाचा चेहरा लाल. "नको म्हणजे? एसटी तुझ्या बापाची का माझ्या? काढ लगेज." कंडक्टर मशीनशी झटापट करतो, त्याला लगेजचं बटण सापडत नाही, मामा त्याच्या खांद्यावरून वाकून शिकवतो, तोवर घाट उतरून गाडी फुरसुंगीला आलेली असते. मामी खिडकीबाहेर बघत बसते. तिच्या म्हणण्याप्रमाणे, तिचं अर्धं तिकीट वाचवून शासनाने जे पैसे दिले ते सीताफळांनी परत केले.

मामीचा धंदा वेगळा आहे, त्याबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. सीताफळाच्या ओळींमधल्या पट्ट्यात ती भुईमूग लावते. नवरात्राच्या सुमाराला शेंगा निघतात. त्याच रविवारी, त्याच पार्किंगमध्ये, मामाच्या टेबलापासून दहा पावलांवर ती पोत्यावर बसते. समोर ओल्या शेंगांचा ढीग, शेजारी ताणकाटा आणि उकडलेल्या शेंगांचं एक पातेलं. ती कोणाला "कधी" विचारत नाही. भाव विचारला की सांगते, पैसे दिले की देते, वर मूठभर घालते. चाळीस मिनिटांत पोतं रिकामं. मग पोत्याची घडी करून ती मामाच्या रांगेकडे बघत उकडलेल्या शेंगा सोलत बसते. तिथं मामा तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना अजून पहिलंच फळ समजावून सांगत असतो. वर्षाअखेरीला मामाच्या वहीत हिशेब वेबिलाच्या थाटात मांडलेला असतो, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, मधला फरक. तो फरक कोणत्या बाजूला आहे हे मामी विचारत नाही. दिवाळीची खरेदी शेंगांच्या पैशातून होते, हे सगळ्यांना माहीत आहे.

फळ विकलं की व्यवहार संपला, असं जगात सगळीकडे असतं. मामाचं तिथून सुरू होतं. रात्री साडेआठला जेवण झालं की तो वही उघडतो आणि फोन लावतो.

"नमस्कार. सीताफळवाला मामा बोलतोय. परवाची चार नेली होती तुम्ही. काय परिस्थिती?"

"अं... आहेत, ठेवलीत."

"कुठं ठेवलीत?"

"टेबलावर."

"देठ कुठल्या बाजूला?"

आता पगारदार माणूस, दिवसभर मीटिंगा करून दमलेला, तो उठून देठ बघायला जातो. मी हे स्वतः बघितलंय. माणसं मामाला उलट बोलत नाहीत. "एक मऊ लागतंय," असं पलीकडून आलं की मामा ताठ बसतो. "मऊ म्हणजे किती? कानाच्या पाळीसारखं का गालासारखं?" पाळीसारखं असेल तर "उद्या सकाळी". गालासारखं असेल तर "आत्ता! आत्ता खा. जेवण झालं असलं तरी खा. मी थांबतो." आणि तो थांबतो, फोन कानाला लावून, पलीकडचे आवाज ऐकत. चमच्याची किणकिण ऐकू आली तर आणखी पाच मिनिटं जातात, कारण चमचा त्याला मंजूर नाही.

मामा स्वतः सीताफळ कसं खातो ते बघावं. फळ दोन्ही तळव्यांत घेतो, चिमणीचं पिल्लू धरावं तसं. दोन्ही अंगठे देठाशी. दाबत नाही, नुसते अंगठे बाहेरच्या बाजूला फिरवतो. फळ आवाज न करता दोन वाट्यांत उघडतं आणि देठ मधल्या पांढऱ्या दांडीसकट हातात येतो. मग अर्धी वाटी ओठांना लावून एकेक पाकळी ओढून घ्यायची, जिभेवर फिरवायची आणि बी सुटं करून डाव्या मुठीत. यात घाई नाही. गर थोडा रवाळ असतो, सालीजवळचा तर साखरेसारखा दाताखाली कचकचतो; ती सालीजवळची साखर खालच्या दातांनी खरवडल्याशिवाय फळ संपलं असं म्हणायचं नाही. शेवटी मूठ उघडून काळ्याभोर बिया वर्तमानपत्रावर. लहानपणी आजी त्या बिया वाळवून कुटायची आणि तेलात कालवून आमच्या मामेबहिणींच्या डोक्याला लावायची. उवा मरायच्या, पण डोळ्यांत गेलं तर आग आग व्हायची, म्हणून मुलींच्या कपाळावर फडकं घट्ट बांधून त्यांना ओसरीवर रांगेत बसवलेलं असायचं. आम्ही मुलगे सुटायचो. आमचे केस मुळात ठेवतच नसत.

चौथ्या मजल्यावरच्या जोडप्याची गोष्ट सोसायटीत प्रसिद्ध आहे. दोघंही संगणकवाली, हौशी, गोड. त्यांनी पहिल्यांदाच डझनभर नेली आणि फ्रिजमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी फळं कोळशासारखी काळी. मुलगी घाबरून खाली आली. मामा काही बोलला नाही. चपला घालून वर गेला, फ्रिज उघडला आणि कितीतरी वेळ आत बघत उभा राहिला. मग एकेक फळ काढून ओट्यावर ओळीने मांडलं. "कच्ची होती," तो म्हणाला. आवाज असा, की त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. कच्चं सीताफळ गारठ्याला ठेवलं की साल काळी पडते आणि ते पिकायचं विसरतं. मामाने त्यातली दोन फोडून बघितली, मान हलवली, आणि बॅगेतून कागद काढला. "१२ फळे येणे." चूक त्यांची आणि भरपाई ह्याची! मी नंतर म्हणालो, "अरे मामा, हा कुठला हिशेब?" तर म्हणाला, "गाडीत बसवताना सांगायला पाहिजे होतं. प्रवासी नवीन होता."

बासुंदीवाल्या काकूंचं मात्र त्याने काही चालू दिलं नाही. त्यांनी गर दुधात घालून वर आटवलं आणि बासुंदी कडू झाली म्हणून तक्रार केली. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. दूध आटवून, पार गार करून, मग गर घालायचा असतो. "तुम्ही माझे प्रवासी उकळलेत," असं मामा त्यांना म्हणाला. मामीने मागून मुंडी खाली घालून हात जोडले. काकू दोन हंगाम बोलत नव्हत्या. तिसऱ्या हंगामात त्यांनी गार बासुंदीची वाटी पाठवली. मामाने वाटी धुऊन परत करताना आत एक फळ ठेवलं, आजचं.

आता मामाच्या दोन दुखण्यांविषयी.

पहिलं दुखणं मी दिलं. मी कुठंतरी वाचून एकदा सांगितलं, की सीताफळ आपलं नाहीच, अमेरिका खंडातलं आहे, पोर्तुगीजांनी आणलं. मामाने घास खाली ठेवला. "सीतामाई अमेरिकेला गेली होती?" म्हटलं, नाव आपण ठेवलं, फळ त्यांचं. "आणि रामफळ? लक्ष्मणफळ? सगळं खानदान पोर्तुगीजांनी आणलं?" मी म्हटलं, हो, तीही तिकडचीच. तो आठवडाभर बोलला नाही. मग मलाच वाईट वाटून मी शोधून काढलं, की कनिंगहॅम नावाच्या इंग्रज साहेबाने भरहुतच्या स्तूपावरल्या कोरीवकामात सीताफळ ओळखलं होतं. म्हणजे पोर्तुगीजांच्या दीड हजारांहून जास्त वर्षं आधी. पुढं बऱ्याच विद्वानांनी ते काही मान्य केलं नाही, पण हा भाग मी गाळला. मामाने ते नाव चतकोर कागदावर लिहून घेतलं. हल्ली रांगेत कोणी विषय काढला की तो म्हणतो, "कनिंगहॅमला विचारा."

दुसरं दुखणं जास्त खोल आहे. २०१६ साली फळांना ती भौगोलिक मानांकनं मिळाली, त्यात पुरंदरच्या अंजिराला मिळालं आणि सीताफळाचं गेलं बीडला. अंजिराला मिळालं याचा मामाला आनंद व्हायला हवा, तालुका तोच. पण त्याच्या बागेत अंजीर नाही. शेजारच्या बांधापलीकडे आहे, आणि बांधापलीकडचा माणूस हा त्याचा चुलतभाऊ आहे. यापुढं काही सांगायला नको. बीडकरांबद्दल तो वाईट बोलत नाही, "दुष्काळी भाग आहे, मिळू दे त्यांना," असं दानशूरपणे म्हणतो, आणि लगेच पुरंदरने देशाला काय काय दिलं त्याची यादी सुरू करतो. सोपानकाकांची समाधी आमच्याकडे, जेजुरीचा खंडोबा आमच्याकडे, महात्मा फुल्यांचं खानवडी आमच्याकडे, अत्रे कोडीतचे. ही यादी संपता संपता रांगेतल्या माणसाचं आजचं सीताफळ उद्याचं व्हायची वेळ येते.

पुरंदरच्या विमानतळाची घोषणाही २०१६ चीच. तेव्हापासून आमच्या त्या भागात पांढऱ्या गाड्या फार फिरतात. मामाचं गाव विमानतळासाठी ठरलेल्या सात गावांत येत नाही, पण गुंठ्याचा भाव विचारायला माणसं येतात. असाच एक एजंट बागेत आला. गळ्यात साखळी, हातात दोन फोन. मामा त्या दिवशी गावी होता. एजंटाने भाव सांगितला, मामाने ऐकून घेतला. मग विचारलं, "सीताफळ कधी खाणार?" तासाभराने तो एजंट एक क्रेट आणि "२ फळे येणे" असा कागद घेऊन गाडीत बसला. जमिनीचं बोलणं राहूनच गेलं. अजून अधूनमधून त्याचा फोन येतो. मामा म्हणतो, जमिनीसाठी नाही, डोळे उघडलेत का ते विचारायला.

आणि बांधावरचं झाड. ते ९२ झाडांत धरलेलं नाही. आजीने बाळंतपणानंतर माहेराहून परत येताना वाटेत खाल्लेल्या फळाच्या बिया बांधावर टाकल्या, त्यातलं एक उगवलं, असं म्हणतात. त्याला कधी कोणी खत घातलं नाही. शेळ्या सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत म्हणून ते राहिलं. फळं लहान, वेडीवाकडी, गर थोडा आणि बियाच बिया; बाजारात कोणी हातात धरणार नाही. पण मामाच्या मते जगात सीताफळ असं एकच आहे, बाकीची ९२ त्याची नक्कल. त्याची फळं विकायची नाहीत. पहिलं सोपानकाकांना, दुसरं खंडोबाला, मग घरातल्या प्रत्येकाला एक. ते देताना मामा चार माणसं ऐकतील अशा आवाजात सांगतो, "बांधावरच्या झाडाचं आहे." मी बारावीला बरे मार्क पाडले तेव्हा मला दोन मिळाली होती. दुसऱ्या फळात आपण नेमकं काय वेगळं खातोय हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. पण "यासारखं नाही," असं मी दर वर्षी म्हणतो. सगळेच म्हणतात.

गेल्या वर्षी परतीच्या पावसाने घोळ केला. ऐन दसऱ्यात फळं तडकली, काळी पडली. मामा गिऱ्हाइकांना फोन करून पावसाच्या वतीने माफी मागत होता. हंगाम दिवाळीआधीच आटोपला. टेबल माळ्यावर गेलं. आणि तुळशीचं लग्न झाल्यावर एके दिवशी तळमजल्यावरच्या आजी मामाच्या दारात उभ्या राहिल्या. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. चष्म्याच्या घरातून त्यांनी घडी केलेला कागद काढला. "१ फळ येणे." सही, तारीख, सगळं चोख.

"आजी, हंगाम संपला हो. पैसे देतो."

"पैसे नाही लिहिलेले. फळ लिहिलंय."

मामाचा चेहरा बघवेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणाची बाकी बुडवली नव्हती. त्याने मला खुणावलं, आम्ही स्कूटरवर बसलो आणि चार चौक ओलांडून एका फळवाल्याकडे गेलो. तिथं शेवटची सीताफळं होती, ती बार्शीकडची गोल्डन. ह्या जातीचं नाव जरी काढलं तरी मामा तोंड फिरवायचा. "गर जास्त, बी कमी, फळ आहे का पुठ्ठा?" आता तो त्या ढिगापुढे उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि त्याचा अंगठा हळूच एका फळात गेला.

"काका," फळवाला म्हणाला, "दाबू नका."

एक फळ घेतलं. भाव सांगत नाही, मामाला अजून सहन होत नाही. परत येताना तो माझ्या मागे बसून नखाने फळावरचा स्टिकर काढत होता. तो निघता निघत नव्हता. सिग्नलला थुंकी लावून काढला. आजींच्या हातात फळ देताना त्या म्हणाल्या, "घरचंच ना?" मामा "हं" म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

त्या रात्री मी जेवायला मामाकडे होतो. साडेआठ झाले, मामाने वही काढली नाही. पावणेनऊला फोन वाजला. मामीने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, फार गोड निघालं हो!" आजींचा आवाज घरभर. "खरं सांगू का, इतकी वर्षं घेते तुमच्याकडची, पण असं फळ नाही खाल्लं. गर केवढा! आणि बिया तर मोजून पंधरा-वीस. हे आधी का नाही दिलंत?"

मामीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मी ताटात बघत होतो. मामाने हातातला घास खाली ठेवला, पाणी प्यायला, घसा साफ केला आणि फोनजवळ वाकून म्हणाला,

"बांधावरच्या झाडाचं होतं ते."